पणजीचा महापौर, पालिकेचा नगराध्यक्ष: यांची कारकीर्द नेमकी कोणाच्या हातात असते?

मळेकर (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात काका पाय घसरून पडले आणि प्लास्टर लागलं, म्हणून दोन दिवस त्यांच्या सोबतीला गेलो होतो. औषधाची चिठ्ठी शोधताना कपाटात लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची एक वही हाती आली. प्रत्येक पानावर चार रकाने आखलेले. खांबाचा नंबर, खूण, सांगितल्याची तारीख, लागल्याची तारीख. ‘चाफ्याकडचा खांब, ट्यूब गेली, १२ जून. १९ जून.’ ‘शाळेमागचा, बल्ब फुटला, ३ ऑगस्ट.’ पुढचा रकाना रिकामा, आणि खाली लाल शाईने ‘पुन्हा सांगितलं’. अशी जवळजवळ पावणेदोनशे पानं.

काका उत्तर गोव्यातल्या एका लहान पालिकेत दोन वेळा निवडून आले आणि मध्ये पावणेदोन वर्षं नगराध्यक्ष होते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या गोष्टीतली माणसं अजून तिथंच राहतात. तेव्हा पालिकेत अकरा सदस्य होते. पहिल्या खेपेला काका बिनविरोध खुर्चीवर बसले. मग आमदार बदलले, गट फुटला आणि अविश्वास ठराव आला. पुढच्या निवडणुकीत ते परत निवडून आले आणि पुन्हा नगराध्यक्षपदाला उभे राहिले. आदल्या रात्री आमच्या घरी सहा जण जेवले. त्या रात्री वाढायला मी होतो, म्हणून मला आकडा पक्का माहीत आहे. काकूने विसवणाचं हुमण केलं होतं, आणि जाताना प्रत्येकाने काकांचा हात हातात घेऊन ‘उद्या आपलंच’ म्हटलं होतं. ते सहा आणि काका स्वतः, म्हणजे सात. दुसऱ्या दिवशी पेटीतून काकांच्या नावाच्या पाच चिठ्ठ्या निघाल्या. मतदान गुप्त होतं. ती दोन मतं कुणाची गेली ते आजतागायत कळलेलं नाही. त्यानंतरच्या निवडणुकीत काकांचा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला. काकूला त्यात पडायचं नव्हतं. कारकीर्द तिथंच संपली.

ही गोष्ट सांगायचं कारण असं. आपण महापौराबद्दल बोलतो तेव्हा खुर्चीवरच्या माणसाबद्दलच बोलतो. तो चांगला होता, तो नुसता फिती कापत होता, त्याने कचऱ्याचं बघितलं, याने नाही बघितलं. पण ती खुर्ची मिळते कशी आणि जाते कशी, याकडे फार कमी लोक बघतात. गोव्यात महापौर एकच, पणजीचा. बाकीच्या तेरा नगरपालिकांत नगराध्यक्ष असतो. २००२ च्या कायद्याने पणजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत पालिका क्षेत्राची लोकसंख्या ४०,०१७ होती आणि आज प्रभाग तीस आहेत. म्हणजे एका नगरसेवकामागे साधारण तेराशे माणसं. मुंबईत एवढी माणसं दोन-तीन टॉवरमध्ये राहतात. पणजीतल्या मतदाराला नगरसेवकाच्या घराची घंटा कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा माहीत असतं. इतकं जवळचं राजकारण असूनही महापौर आपण निवडत नाही. नगरसेवक आपल्यातून एकाला निवडतात आणि तेही एका वर्षासाठी. मार्च आला की पुन्हा तेच.

माझं मत स्पष्ट सांगतो. या माणसांची कारकीर्द मतदाराच्या हातात फारच थोडी असते. ती दोन कागदांवर ठरते. एक प्रभागांच्या आरक्षणाचा कागद आणि दुसरा आमदाराच्या पॅनलच्या यादीचा. मला हे बदलायला हवं असं मनापासून वाटतं. गोव्यातल्या आणि बाहेरच्या मंडळींनी आपले अनुभव लिहावेत.

रायबंदरकर

मळेकर, वहीचं वाचून गलबललो. काकांना लवकर बरं वाटू दे.

तुमच्या दुसऱ्या कागदाबद्दल लिहितो. २००२ पासून पणजीचे आमदार कोण कोण झाले ते आठवून बघा. मनोहर पर्रीकर १९९४ पासून होतेच. ते केंद्रात संरक्षणमंत्री झाले तेव्हा २०१५ च्या पोटनिवडणुकीत सिद्धार्थ कुंकळ्येकर आले. २०१७ मध्ये आधी कुंकळ्येकर आणि मग पोटनिवडणुकीत पुन्हा पर्रीकर. मार्च २०१९ मध्ये पर्रीकर गेले. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत बाबूश मोन्सेरात काँग्रेसच्या उमेदवारीवर १,७५८ मतांनी जिंकले. त्याच वर्षी जुलैत काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले, त्यात तेही होते. २०२२ मध्ये भाजपच्या उमेदवारीवर अपक्ष उत्पल पर्रीकरांविरुद्ध ७१६ मतांनी जिंकले. म्हणजे इतक्या वर्षांत माणसं तीनच, आणि त्यातला एकही पणजीचा महापौर राहिलेला नाही.

हे लक्षात घेतलं की पणजीच्या महापौराची गोष्ट कळते. मोठ्या शहरांत महापौरपद ही विधानसभेची पायरी असते. आमच्याकडे प्रवाह उलटा वाहतो, आमदारकीकडून महापौरपदाकडे. २० मार्च २०२१ ला मतदान झालं. भाजपचा पाठिंबा असलेलं बाबूश मोन्सेरात यांचं पॅनल तीसपैकी पंचवीस जागांवर निवडून आलं आणि त्यांचे चिरंजीव रोहित महापौर झाले. २०२२ ला पुन्हा तेच, २०२३ ला पुन्हा तेच. पंचवीस एका बाजूला असताना मार्चच्या निवडणुकीत निवडायचं राहतं काय? मी कुणाच्या बाजूचा किंवा विरुद्धचा म्हणून हे लिहीत नाही. उद्या दुसरं पॅनल पंचवीसने आलं तरी हेच होईल.

त्यात आणखी एक गोष्ट. आमच्याकडे पालिका निवडणूक पक्षाच्या चिन्हावर लढली जात नाही. पक्ष पॅनलला ‘पाठिंबा’ देतो, पण नगरसेवकाचं चिन्ह वेगळं असतं. त्यामुळे आमदाराला लागतो तसा पक्षांतरबंदीचा धाक नगरसेवकाला नसतो. आज या पॅनलमध्ये, उद्या त्या पॅनलमध्ये. आमच्या वाड्यावर एकाच माणसाची वेगवेगळ्या पॅनलची पत्रकं मी स्वतः बघितली आहेत. फोटो तोच, शर्ट तोच.

पंचगंगाकाठ

मी कोल्हापूरचा, सासुरवाडी डिचोलीची. आमच्याकडे महापौराची मुदत अडीच वर्षांची असते आणि महापौरपदालाच आरक्षणाची सोडत लागते. पण कागदावर अडीच वर्षं असली तरी आघाडीतले गट ती आपसात वाटून घेतात, हे आमच्या शहराने वर्षानुवर्षं पाहिलं आहे. ठरलेली मुदत संपली की राजीनामा द्यायचा आणि पुढच्याने बसायचं. राजीनामा दिला नाही की मग सहली सुरू होतात. नगरसेवकांना गाडीत घालून कुठल्या तरी रिसॉर्टवर न्यायचं आणि मतदानाच्या सकाळी थेट सभागृहात उतरवायचं.

नगरपरिषदांत आमच्याकडे नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो. मध्ये ते बंद केलं होतं, परत आणलं. त्याचा फायदा असा की नगराध्यक्षाला रोज सकाळी डोकी मोजावी लागत नाहीत. तोटा असा की नगराध्यक्ष एका गटाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्या गटाचं असं झालं की पाच वर्षं ठरावच अडकून पडतात. तेव्हा थेट निवडणूक हे रामबाण औषध आहे असं समजू नका. मळेकर, तुम्हाला नेमकं काय हवं आहे? थेट निवडणूक की जास्त मुदत?

मळेकर

पंचगंगाकाठ, मला आधी मुदत हवी आहे. किमान अडीच वर्षं. एका वर्षात महापौर काय करणार? मार्चमध्ये बसला. एप्रिल-मे नालेसफाईत जातो. जूनला पाऊस. चतुर्थीपर्यंत खड्डे. नोव्हेंबरमध्ये इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, तेव्हा शहर नटवायचं. फेब्रुवारीत कार्निव्हल. की आला मार्च. एखादं काम मनावर घेऊन तडीला न्यायला हातात सलग दोन पावसाळे तरी हवेत.

शुभदा_म्हापसा

माझं मत थोडं वेगळं आहे, आणि आरक्षणाचा उल्लेख ज्या सुरात आला त्याबद्दलही बोलायचं आहे.

मळेकर, तुमच्या काकांचा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला आणि त्यांची कारकीर्द संपली, याचं दुःख मी समजू शकते. पण त्याच कागदावर आणखी कुणाची तरी कारकीर्द सुरू झाली असेल. मी ज्या बाईंबरोबर प्रचाराला फिरले त्या पंधरा वर्षं महिला मंडळाचं काम करत होत्या. प्रभाग राखीव झाला नसता तर त्यांना कुणी विचारलंही नसतं. पणजीत कॅरोलिना पो यांच्यासारखी महिला महापौर झाली, तेव्हा आमच्यासारख्या पुष्कळ जणींनी पालिकेकडे पहिल्यांदा आपली जागा म्हणून पाहिलं. एका वर्षाच्या मुदतीचाही एक उपयोग आहे. खुर्ची फिरती राहते.

खरा प्रश्न आरक्षण आहे हा नसून ते कसं ठरतं हा आहे. २०२१ ला काय झालं ते आठवा. मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे आणि केपे या पाच पालिकांचं प्रभाग आरक्षण नियमाला धरून नाही म्हणून उच्च न्यायालयाने रद्द केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १२ मार्च २०२१ ला न्यायालयाने ते रद्द करणं कायम ठेवलं आणि त्याहून मोठी गोष्ट सांगितली. राज्य निवडणूक आयुक्ताचं काम सरकारच्या कायदा सचिवाकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून देता येणार नाही, आयुक्त स्वतंत्रच हवा. हा निकाल सगळ्या देशाला लागू झाला आणि तो निघाला कुठून, तर आमच्या छोट्या पालिकांच्या प्रभागांतून. आम्ही तेव्हा म्हापशाच्या बाजारात मिरच्यांच्या दुकानापुढे उभ्या राहून त्या निकालाची बातमी एकमेकींना वाचून दाखवली होती. पणजी आणि इतर पालिकांचं मतदान २० मार्चला झालं, आमचं एप्रिलमध्ये.

आणि पायरीबद्दल. पणजीचा महापौर आमदार झाला नसेल, पण इतर पालिकांतून माणसं वर गेली आहेत. आमचे फ्रान्सिस डिसोझा पालिकेच्याच राजकारणातून पुढे आले. १९९९ पासून २०१९ मध्ये निधन होईपर्यंत ते आमदार होते, उपमुख्यमंत्रीही झाले. मडगावचे दिगंबर कामत पालिकेत नगरसेवक होते. १९९४ मध्ये आमदार झाले आणि २००७ ते २०१२ मुख्यमंत्री. तेव्हा दरवाजा बंद आहे असं सरसकट म्हणता येणार नाही.

कोंबवाला

मडगावचा विषय निघाला म्हणून लिहितो. मळेकरांच्या काकांच्या पाच चिठ्ठ्यांशी याचा थेट संबंध आहे.

सप्टेंबर २०२२. काँग्रेसचे आठ आमदार भाजपमध्ये गेले, त्यात दिगंबर कामतही. त्याच आठवड्यात मडगावच्या नगराध्यक्षपदाची निवडणूक होती. सत्ताधारी गटाकडे आकडा होता, उमेदवार दामोदर शिरोडकर. पेटी उघडली आणि जिंकले घनश्याम शिरोडकर. मतं फुटली होती आणि मतदान गुप्त असल्यामुळे कुणाची फुटली ते कळायला मार्ग नव्हता. त्या संध्याकाळी आमच्या कोंब भागात जो तो बोटांवर नगरसेवक मोजत होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत सरकारने वटहुकूम काढून पालिकांतलं गुप्त मतदान बंद केलं आणि हात वर करून मतदान आणलं. मग अविश्वास ठराव, घनश्याम शिरोडकर पायउतार आणि दामोदर शिरोडकर नगराध्यक्ष.

मला विचाराल तर नगराध्यक्षाच्या कारकिर्दीवर गेल्या वीस वर्षांत सर्वांत मोठा परिणाम याच एका बदलाने झाला आहे. पॅनलच्या नावाने निवडून यायचं आणि खोलीत जाऊन दुसऱ्यालाच मत द्यायचं, ही मतदाराची फसवणूक आहे असं सरकारचं म्हणणं. त्यात तथ्य नाही असं नाही. पण हात वर करायचा म्हणजे तो कुणाला दिसतो? मतदार सभागृहात नसतो. आमदाराची माणसं असतात. ज्या नगरसेवकाच्या प्रभागातल्या गटाराचा निधी आमदाराच्या एका शब्दावर आहे, तो कुणाच्या नजरेसमोर हात वर करणार?

ओला_सुका

कचऱ्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे, म्हणून महापौर काय करू शकतो यावर थोडं लिहितो. इथं सगळी चर्चा खुर्चीची चालली आहे.

पणजीचा कचरा पूर्वी कुडक्याला टाकला जायचा. तिथल्या लोकांनी विरोध केला आणि ते बंद करावं लागलं. शहराकडे दुसरी जागा नव्हती. त्या अडचणीतून घरोघरी जाऊन वेगवेगळा कचरा उचलणं, रस्त्यावरच्या कचराकुंड्या काढून टाकणं, वसाहतींत खताच्या टाक्या बसवणं हे सगळं उभं राहिलं. साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला २०१६ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी पणजीची बाई ओला आणि सुका वेगळा काढायला शिकली होती. हे काम आयुक्तांचं, अधिकाऱ्यांचं, कामगारांचं. कायद्याने कारभार आयुक्तच चालवतो. पण एक गोष्ट आयुक्ताला जमत नाही. तो बदलीवर येतो, त्याला वाडा माहीत नसतो. खताची टाकी आपल्या इमारतीमागे नको म्हणून भांडणाऱ्या चाळीस माणसांसमोर जाऊन उभं राहायचं काम नगरसेवकाचं आणि महापौराचं. मी अशा बैठकांना बसलो आहे. एका बैठकीत एका आजीने नगरसेवकाला सांगितलं, ‘बाबा, आधी तुझ्या आईच्या खिडकीखाली बसव, मग माझ्या.’ त्याने खरंच स्वतःच्या इमारतीमागे पहिली टाकी बसवली. महिनाभर वास येतो का बघायला लोक तिथून चकरा मारायचे. मग दुसरी, तिसरी बसली. त्या नगरसेवकाला पुढच्या खेपेला पॅनलमध्ये घेतलं नाही.

स्मार्ट सिटीचं तर नेमकं उलट. मे २०१६ मध्ये पणजी त्या यादीत आली. कामासाठी वेगळी कंपनी झाली, राज्य सरकार आणि महापालिका यांचा निम्मा निम्मा हिस्सा. शहर खणलं गेलं, धूळ उडाली, २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी स्वतः रस्त्यावर येऊन पाहणी केली. लोक जाब विचारायला कुणाकडे गेले? महापौराकडे आणि नगरसेवकांकडे. खणायचा निर्णय सभागृहात होत नव्हता, पण शिव्या मात्र त्यांनाच. मांडवीतल्या कॅसिनोंचंही तसंच. सुरेंद्र फुर्तादो महापौर असताना कॅसिनोंविरुद्ध उघड बोलले, पण जहाजांचा परवाना राज्य सरकार देतं. महापौर फार तर किनाऱ्यावरच्या कार्यालयापर्यंत पोचतो.

म्हणून मी मळेकरांच्या मुद्द्याला एक जोड देतो. मुदत वाढवून अधिकार दिले नाहीत, तर तेच दुखणं अडीच वर्षं चालेल.

रायबंदरकर

ओला_सुका, टाकीवाल्या नगरसेवकाला पॅनलमध्ये का घेतलं नाही? टाकीमुळे?

ओला_सुका

नाही. आमदाराला त्या प्रभागात दुसऱ्या कुणाला द्यायचं होतं, एवढंच. अपक्ष उभा राहिला आणि थोडक्यात पडला. टाक्या अजून चालू आहेत.

शुभदा_म्हापसा

मला काकांना एक विचारायचं आहे. कोंबवाले म्हणतात तसं हात वर करून मतदान असतं तर काका जिंकले असते ना? मग त्यांना नवा नियम बरा वाटतो का? मळेकर, त्यांना विचाराल का?

मळेकर

कालच्या रविवारी गेलो होतो. प्लास्टर अजून आहे. धागा सगळा वाचून दाखवला, आणि शुभदाताईंचा प्रश्नही विचारला.

आधी दुरुस्ती. काका म्हणाले, त्या रात्री जेवायला सहा नव्हे, पाच नगरसेवक होते. सहावा माणूस जो मला आठवतो तो त्यांचा मित्र, नगरसेवक नव्हता. म्हणजे ते पाच आणि काका मिळून सहा, आणि चिठ्ठ्या पाच. फुटलं ते एकच मत. इतकी वर्षं मी दोन धरून चाललो होतो. शुभदाताई, आरक्षणाबद्दल तुमचं बरोबर आहे असंही ते म्हणाले. त्यांच्यानंतर त्या प्रभागातून आलेल्या बाईंनी शाळेमागची गटार बांधून घेतली, जी काकांना दोन मुदतींत जमली नव्हती. ते मी धाग्यात लिहिलं नाही म्हणून माझ्यावर थोडे रागावलेही.

आता हात वर करण्याबद्दल. मला वाटलं होतं ते नव्या नियमाच्या बाजूने बोलतील. त्यांनी मान हलवली. म्हणाले, ‘हात वर करायचा असता तर मी जिंकलो नसतो. आमदार समोर बसले होते. आणखी दोघं गेले असते. पेटी होती म्हणून पाच तरी मिळाली.’

मग वही मागितली. वही मी पणजीला घेऊन आलो होतो, रविवारी परत नेली होती. त्यांनी शेवटचं पान काढलं, त्यावर तीन नोंदींचा चौथा रकाना रिकामा आहे. त्यातला एक खांब आता नाही, रस्ता रुंद करताना काढला. उरलेल्या दोन खांबांवर रात्री दिवा लागतो का ते बघून ये म्हणाले. मी जाऊन आलो. देवळाकडचा लागतो. तळीकडचा लागत नाही.